भाऊसाहेबांचं अक्षर

केजच्या तहसिलातल्या कारकून भाऊसाहेबांनी वाट दाखवली, म्हणून माझी मेंढरं राहिली. माझं गाव लांब, सांगोल्याकडं; मेंढरं चारत दरसाल इकडं येतो. शाळा चौथीतच सुटलेली. गायरानात चराई बंद करणारा महसूल खात्याचा नवा नियम त्यांनीच हापिसाच्या फळ्यावर चिकटवला. आता मेंढरं विकावी लागणार, या धास्तीनं मी त्यांच्या टेबलापुढं जाऊन उभा राहिलो.

भाऊसाहेबांना प्रत्येक गोष्ट दोनदा बोलायची सवय. म्हणाले, "भेता कावून? खात्याचा नियम विधानसभा रद्द करू शकती. करू शकती. आमदाराला अर्ज द्या."

"तुमीच लिहा की."

"माझं अक्षर सगळं हापिस ओळखतंय, बाबा. मी सांगतो, तुमी लिहा. तुमी लिहा."

जेवणाची सुट्टी मोडून ते सांगत गेले, मी एकेक अक्षर जुळवत लिहीत गेलो. पुढच्या अधिवेशनात आमदारांनी विषय मांडला आणि नियम रद्द झाला.

भाऊसाहेब कुणाचा चहासुद्धा घेत नाहीत. पण यंदाच्या लोकरीचं पहिलं घोंगडं मी त्यांच्याच खांद्यावर टाकणार हाय.