आठवी फेरी

तीन वर्षांपूर्वीचा, दिवाळीनंतरचा दुसरा रविवार. अंतर अठरा किलोमीटर चारशे मीटर. हजर माणसं दोन – मी आणि माझी बायको सुनंदा. यातलं अंतर मी आजवर कुणालाच खरं सांगितलेलं नाही. तिलाही नाही – आणि पळाली तर ती होती.

आधी स्वतःचं थोडं कौतुक करू द्या. मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. सव्वीस वर्षं सुटे भाग मोजतोय. सत्तेचाळिसाव्या वर्षी डॉक्टर म्हणाले, साखर काठावर आलीय, आणि आम्ही दोघं पळायला लागलो. पहिल्या दिवशी सोसायटीच्या गेटपासून पिठाच्या गिरणीपर्यंत गेलो – दोनशे दहा मीटर – आणि गिरणीच्या पायरीवर बसकण मारली. गिरणीवाला म्हणाला, "भाऊ, दळण घरीच विसरलात का?"

त्या दोनशे दहा मीटरवरून साडेसात महिन्यांत मी सोळा किलोमीटरवर आलो. कंपनीची बस पावणेसातला, म्हणून पाचला उठायचं. एकही दिवस चुकवला नाही. याचा मला अभिमान वाटतो, आणि आज हे लिहितानाही वाटतो.

प्राधिकरणात आमच्या सेक्टरभोवती एक फेरी होते. ती मी सायकलच्या मीटरवर तीनदा मोजली – दोन किलोमीटर तीनशे मीटर. मोबाईलवर माझा भरवसा नाही. घरी आलो की वहीत दोन रकाने – मी, सुनंदा. मोजणं माझ्याकडे. ती म्हणायची, "तुम्ही मोजताय ना? मग मी कशाला डोकं लावू?" ती घरी ब्लाउज शिवते, दिवसभर टेप गळ्यात असते. सकाळचा तेवढा एक तास तिला मापातून सुट्टी हवी असायची.

वहीला मी कंपनीचाच नियम लावला होता. आकडा चुकला तर गिरवायचा नाही, पांढरं लावायचं नाही. एक आडवी रेघ मारायची, खालचा चुकीचा आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी बरोबर आकडा आणि सही. चूक दिसली पाहिजे. नव्या पोरांना हे मी स्वतः शिकवतो.

आम्हा नवशिक्यांना गार्डनपाशी काकडे सर शिकवायचे – निवृत्त पीटीचे मास्तर. आम्ही पहिल्यांदाच पळणार होतो त्या शर्यतीला महिना उरला तेव्हा त्यांनी अट घातली. एका दमात आठ फेऱ्या झाल्या, तरच एकवीस किलोमीटरला नाव द्यायचं. नाहीतर दहा. "गुडघे कंपनी बदलून देत नाही, राव," असं म्हणायचे.

तर तो रविवार. दोघं एकदमच सुटलो. पहिली फेरी संपेपर्यंत तिची वेणी मला पुढे दिसत होती, मग दिसेनाशी झाली. माझी सहावी फेरी चालू होती – पोटऱ्या दगड झालेल्या – आणि मागून पावलं वाजली. हलकी, एकसारखी. पायपुसणं झटकावं तेवढाच आवाज. सुनंदा होती. तोंडावर घाम, पण श्वास शांत. मला गाठून म्हणाली, "अहो, एक फेरी चढवली की काय मी तुमच्यावर?"

चढवली होती. मला नक्की माहीत होतं. दूधवाल्याच्या कोपऱ्यावर ती मला सोडून गेली तेव्हापासून मी मोजत होतो – दुसरं काय करणार होतो?

मी म्हणालो, "छे! मघाशी पाणी प्यायला थांबलीस ना, तेव्हा मी पुढे गेलो. आत्ता गाठलंस."

ती हसली आणि पुढे गेली.

हे एवढंच असतं तर कदाचित विसरलोही असतो. पण माझ्या सात संपवून मी गेटवर आलो तेव्हा ती उभी होती. "आठ झाल्या ना माझ्या?"

"सात. दोघांच्याही सात."

"मला वाटलं आठ. मग मारून येऊ का एक? पाय चांगले आहेत माझे."

पाय चांगले होते. नववी फेरी होती ती, तिला ठाऊक नव्हतं. आणि मी – जो एका केसाएवढ्या फरकासाठी अख्खा माल परत पाठवतो – मी म्हणालो, "नको, पोरांचा नाश्ता राहिलाय." पोरं तेव्हा झोपलेली होती.

का केलं? मी दहात पळणार आणि ती एकविसात, लोक विचारणार – एवढंच होतं. माझा रकाना मी फुगवला नाही, तो खराच लिहिला. फक्त तिचा कमी केला. सोळा किलोमीटर शंभर मीटर. सरांना वही दाखवली. त्यांनी नीट पाहिलीही नाही – "तुमचा आकडा म्हणजे पक्का" – आणि दोघांची नावं दहाला घातली.

पुढच्या दोन वर्षांतही तिने दहाच्या वर नाव दिलं नाही. विचारलं की सांगायची, "माझी गाडी सोळालाच बंद पडते." काळेवाडीच्या बहिणीला सांगितलं, शिवायला येणाऱ्या बायकांना सांगितलं. हसत सांगायची. मी शेजारी बसून चहा प्यायचो.

गेल्या हिवाळ्यात मी एकवीस पूर्ण केले. दोन तास बावन्न मिनिटं. ती शेवटाला गूळ-शेंगदाणे घेऊन उभी होती, आणि ओरडत होती – माझ्या नावाने. घरी आल्यावर मेडल तिनेच शिलाई मशीनच्या वरच्या खिळ्याला अडकवलं. रोज दोरा ओवताना ते तिच्या डोळ्यांसमोर असतं.

अभिमान मला होताच. पण कशाचा, हे त्या खिळ्याकडे बघताना कळलं. माझ्या घरात अठरा किलोमीटर शांत श्वासाने पळालेलं, आणि वर आणखी एक फेरी मागणारं एकच माणूस आहे. ही गोष्ट मला सेक्टरभर सांगत फिरता आली असती. तीन वर्षं मी ती दाबून ठेवली.

आज वही काढली. १६.१ वर एक आडवी रेघ मारली. खालचा आकडा वाचता येतो. शेजारी १८.४ लिहिलं. सही केली, आजची तारीख घातली. वही तेच पान उघडं ठेवून तिच्या मशीनवर ठेवली आहे.

दोन किलोमीटर तीनशे मीटर. सुनंदाला परत.