चार बोटं जास्तीची वीज

उठून जाणारं गिऱ्हाईक ज्याला बघवत नाही, असा दुकानदार अख्ख्या लातूर जिल्ह्यात एकच झाला, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीच्या पदरात पडला. आमचे दाजी. औशात त्यांचं कापडाचं दुकान होतं. बाईला झंपराचा तुकडा हवा असायचा आणि दाजी तिच्यापुढं चाळीस लुगडी उलगडायचे. ती संकोचून म्हणायची, "सावकार, मला न्हाई घ्यायचं." दाजी म्हणायचे, "घ्या कोन म्हनलं? बघा तर." मापून झालं की वर चार बोटं कापड सोडून मगच कात्री लावायची, हा त्यांचा नेम. बहीण म्हणायची, "निम्म्या तालुक्याच्या पोरींची झबली आमच्या चार बोटांत निघाली."

पुढं बहीण गेली, दोन्ही पोरं पुण्याला नोकरीला लागली, लोक कापडसुद्धा फोनवरून मागवू लागले. दाजींनी दुकान विकलं आणि लातूर रस्त्याला बहिणीच्या नावची जागा होती, तिथं बॅटरीवरच्या गाड्यांचं चार्जिंग स्टेशन टाकलं. वय सत्तरीच्या पुढं. मशीन विकणाऱ्यानं दोन तऱ्हा दाखवल्या. एक तासाभरात गाडी भरणारं, दुसरं चार-पाच तास घेणारं. दाजींनी हळू चालणारं घेतलं. मी कारण विचारलं तर म्हणाले, "लवकर भरली की लवकर जात्यात, बाई. मंग बसनार कोन?"

बसणाऱ्यांची मात्र चैन होती. दुकानातली गादी आणि तक्के त्यांनी तिथं पत्र्याखाली मांडले होते. चहा, उन्हाळ्यात ताक, जेवायची वेळ झाली तर पिठलं-भाकरी, सगळं फुकट. गाडीत किती वीज गेली ते मशीन पडद्यावर दाखवायचं, पण दाजी शेवटचे एक-दोन युनिट धरायचे नाहीत, "ही वरची चार बोटं" म्हणायचे. सोलापूरच्या एका डॉक्टरनं विचारलं, "काका, विजेला कुठली आली चार बोटं?" दाजींनी पडद्यावर आपली चार बोटं आडवी ठेवली आणि म्हणाले, "ही बघा की." एकदा मी गेले होते तेव्हा एक नवं जोडपं आलं होतं. त्यांचं आल्यापासून भांडण. चार तासांत ते मिटलं, पुन्हा पेटलं, पुन्हा मिटलं. निघताना पोरगी म्हणाली, "बाबा, परत येतो हां." दाजी पुढचे आठ दिवस रस्त्याकडं डोळे लावून होते.

अशी माणसं रोज येत नसतात. चार तास कुणाला आहेत? बायपासच्या हॉटेलवाल्यानं जलद मशीन बसवलं आणि होती नव्हती ती गाडी तिकडं वळली. वीजबिल मात्र न चुकता यायचं. त्यात 'मागणी आकार' म्हणून एक रकाना होता. गाडी येवो न येवो, तो भरायचाच. दाजींनी मला बोट ठेवून दाखवला. "बघा बाई, मागनी न्हाई तर न्हाई, तिचा आकार तेवढा येतो. पोरीला मागनी आली न्हाई म्हनून कुनी बापाला बिल धाडतं का?" आम्ही दोघं खूप हसलो. मग ते बिलाची घडी घालत बसले. ती घडी काही केल्या त्यांच्या मनासारखी होईना.

पोरांनी मला फोन केला. "मावशी, तुमीच सांगा. तुमी तोंडावर बोलता, तुमचं ऐकतील." मी नांदेडहून गेले आणि पाणीसुद्धा न पिता सांगितलं, "दाजी, ह्ये स्टेशन न्हाई, धर्मशाळा हाय. पोरं पगारातून बिल भरून राहिले तुमचं. बंद करा."

ते तक्क्याची शिवण चाचपत होते. म्हणाले, "एक-दोन साल थांबलो तर? गाड्या वाढतील म्हनत्यात."

"कुठल्या वाढत्यात? हिकडं कोन घेतंय असल्या गाड्या?" मी म्हणाले. चौथी शिकलेली बाई मी. मला काय ठाऊक होतं? पण बोलले ठासून.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अर्जावर सही केली. मीटर काढायला वायरमन आला, त्यालाही त्यांनी चहा पाजून तासभर बसवून घेतलं. मग थोरल्यानं त्यांना पुण्याला नेलं. नववा मजला. तिथं शेजारचं दारही कडी लावलेलं असतं.

गेल्या महिन्यात लग्नाला औशाला गेले. एसटीच्या खिडकीतून हिरव्या पाटीच्या, बॅटरीवरच्या गाड्या दिसत होत्या, एकीमागं एक. बायपासच्या हॉटेलात त्यांची रांग लागलेली. दाजींच्या जागेपाशी एक गाडी हळू झाली, आतल्या माणसानं वाकून बघितलं, आणि ती पुढं गेली.

दाजींचा फोन येतो. आधी पाऊसपाणी विचारतात, गुडघे विचारतात, आणि मग जरा थांबून, "बाई, गाड्या वाढल्या का वो तिकडं?"

"न्हाई वो, दाजी. एखादी दिसली तर दिसली."

मग म्हणतात, "मंग बंद केलं ते बरंच झालं म्हना."

"हाव, दाजी," मी म्हणते.