उपकेंद्रामागची पांढरी साडी

अजूनही पहाटे कधी जाग आली की मला आधी ते पाणी दिसतं. पानशेत धरणाच्या मागच्या अंगाला, डोंगरांच्या बेचक्यात शिरलेलं, हलतंय की नाही तेही कळू नये इतकं संथ. त्यावर धुकं. धुक्यात एक तार आणि तारेवर पांढरी साडी. साडी नेसणारी बाई कुठे दिसत नाही. मग शेजारच्या घरात कुकरची शिट्टी होते आणि मी उठते.

दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं आणि मी नर्सिंगमध्ये एम.एस्सी. करत होते. त्याआधी काही वर्षं पुण्यातल्या एका हॉस्पिटलात वॉर्ड सांभाळले होते, आणि त्या कामाचा मला असा वीट आला होता की स्पिरिटचा वास आला तरी डोकं उठायचं. पदवी पदरात पाडून घ्यायची, कॉलेजात खडू हातात धरायचा आणि पुन्हा पेशंटला हात लावायचा नाही, असं मी ठरवूनच टाकलं होतं. प्रबंधाचा विषयही तसाच घेतला: नर्सला कामात काय अनुभव येतात आणि त्याचा पेशंटच्या तब्येतीवर काय परिणाम होतो. उत्तर मला आधीच ठाऊक होतं. नर्स दमते, आणि पेशंटला ते भोगावं लागतं. फक्त ते सिद्ध करायचं राहिलं होतं.

आमचं घर भोरला. बाजारपेठेत अब्बांचं शिवणाचं दुकान होतं. फिल्डवर पांढरी साडीच नेसायची असा कॉलेजचा नियम, म्हणून अब्बांनी माझ्या दोन्ही साड्यांना स्वतः फॉल लावून दिले. डोंगरात पांढरं नेसून जातेस, लोक लांबून ओळखतील, असं ते म्हणाले होते. तेव्हा मी हसले. अम्मीने नानकटाईचा डबा दिला, मी नसरापूर फाट्यावर वेल्ह्याची एस.टी. धरली आणि तिथून जीपने घाट ओलांडून त्या उपकेंद्रावर पोचले.

उपकेंद्र म्हणजे एक लांबट खोली, पुढे ओसरी आणि मागे सिस्टरांच्या राहण्याच्या दोन खोल्या. सिस्टर पन्नाशीकडे झुकलेल्या, सासवडकडच्या. नवरा आणि दहावीतली मुलगी तिकडे, या इकडे. मी प्रश्नावली पुढे केली की त्या तांदूळ निवडायला घेत आणि मलाही एक सूप देत. कामाबद्दल समाधान आहे का, या प्रश्नावर त्या मला म्हणाल्या की आधी खडे काढ, मग सांगते. मी चिडायचे, पण खडे काढायचे.

मागच्या तारेवरच्या साडीचं मला पहिल्याच आठवड्यात कळलं. वरच्या पठारावर धनगरांची वाडी होती. तिथून उतरायची वाट इतकी उभी की चालत्या माणसाचेही गुडघे बोलायला लागत, मग आजाऱ्याला झोळीत घालून आणायचं म्हणजे विचारायलाच नको. पण वाडीच्या कडेवर उभं राहिलं की उपकेंद्राची मागची बाजू तळहातासारखी दिसायची. तारेवर पांढरी साडी असली की बाई घरात आहेत, खुशाल उतरा. साडी नसली की उगीच खाली येऊ नका. हे कुणी ठरवलं, कधी ठरवलं, कुणाला सांगता येत नव्हतं. सिस्टर मीटिंगला किंवा लसीकरणाला निघाल्या की ओली असली तरी साडी काढून आत टाकत.

एका दुपारी खडे काढता काढता त्यांनी आपणहूनच सांगितलं. मागच्या वर्षी थंडीत पोलिओच्या मोहिमेत त्या वाड्यावाड्या फिरल्या आणि अंगात ताप घेऊन परतल्या. साडी धुतली. बाहेर घालायला म्हणून दाराशी गेल्या आणि तिथूनच मागे वळल्या.

"आतच वाळत घातली गं, चुलीच्या वर," त्या म्हणाल्या. "एक दिवस कुणी येऊ नये, एवढंच मनात होतं."

त्याच दिवशी वाडीतल्या एका घरच्या सुनेला कळा लागल्या होत्या. पहिलीच खेप. ती माणसं दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर तिला घेऊन खाली आली. मूल गेलं होतं. हे आत वाळवलेल्या साडीचं सिस्टरांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. आता त्याच सुनेचे पुन्हा दिवस भरत आले होते. सिस्टरांची सासवडला बदली झालेली, मुलगी रोज वाट बघत होती, तरी त्यांनी कशीबशी तारीख पुढे ढकलून घेतली होती.

"ती सुखरूप मोकळी झाल्याबिगर मी हलत न्हाई," त्या म्हणाल्या आणि सूप पाखडायला लागल्या.

मला त्यांचं फार वाईट वाटलं. आणि त्याच वेळी डोक्यात हेही आलं की याहून चांगला पुरावा मला कुठे मिळणार. अभ्यास करणाऱ्या माणसाचं मन मोठं चमत्कारिक असतं.

पुढच्याच आठवड्यात वेल्ह्याला मीटिंग निघाली, चुकवता न येणारी. सिस्टर सकाळी साडी आत टाकून जीपने गेल्या. सुनेचे दिवस अजून बाकी आहेत, तू निवांत बस, असं सांगून गेल्या. मी खरंच निवांत झाले. कपडे धुतले, तारेवर घातले, डोक्यावरून पाणी घेतलं आणि मागच्या दाराला टेकून उन्हात बसले. पाण्यावरचं धुकं तेव्हा उठत होतं. समोरचा डोंगर आधी कंबरेपासून दिसायला लागला, पाय मागाहून आले. कुठेतरी शेळ्यांच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या. माझे डोळे मिटत होते, उघडत होते, आणि प्रत्येक वेळी त्या घंटा थोड्या जवळ आलेल्या वाटत होत्या. मला वाटलं, माझं सगळं आयुष्य असंच जावं, कुणी हाक न मारता.

डोळे उघडले तेव्हा उतारावरून घोंगडीची झोळी येत होती. दोन पुरुष, आणि पुढे एक म्हातारी, हातात काठी. मी धावत पुढे गेले आणि म्हणाले, सिस्टर नाहीत, मीटिंगला गेल्यात. म्हातारीने काठी वर करून माझ्यामागे दाखवली.

"साडी दिसली म्हनून तर उतरलो, धाकल्या बाई."

मी वळून पाहिलं. तारेवर माझी साडी वाऱ्याने फुगली होती. अब्बांनी लावलेल्या फॉलची शिवण इथूनसुद्धा दिसत होती.

झोळीत ती सून होती. तिने माझं मनगट धरलं ते सोडलंच नाही. जीप सिस्टरांना घेऊन गेलेली, दुसरं वाहन संध्याकाळशिवाय नाही. पेशंटला हात लावायचा नाही, वगैरे सगळं पाण्यात गेलं. मी पाणी उकळायला टाकलं, हात धुतले, साहित्य काढलं. भीती वाटत होती, खूप वाटत होती. पण हात मला न विचारताच कामाला लागले. म्हातारी सुनेच्या डोक्याशी बसून पुटपुटत होती. मुलगी झाली. नाळ मानेभोवती होती, ती सोडवली. पोर रडेना. मी तिचा घसा मोकळा केला, पाठ चोळली, तळव्यांना टिचक्या मारल्या. मग ती रडली, अगदी बारीक, आणि मग चांगली खणखणीत. मी भिंतीला टेकून खाली बसले आणि मलाही रडू आलं.

ऊन कलल्यावर सिस्टर आल्या. वळणावर जीपमधूनच त्यांना तारेवरची साडी दिसली होती, आणि आपली साडी आपण आत टाकली हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. चपला हातात घेऊन धावतच त्या दारात पोचल्या. बाळंतीण पोरीला पाजत होती. सिस्टरांनी आधी पोरीला नखशिखान्त पाहिलं, मग बाळंतिणीची नाडी धरली, पोट दाबून पाहिलं. सगळं ठीक आहे म्हटल्यावर त्या म्हातारीसमोर जमिनीवर बसल्या आणि त्यांनी सांगून टाकलं. "सुनेचं पहिलं मूल गेलं त्या दिवशी मी घरातच होते. साडी मुद्दाम आत वाळवली होती."

म्हातारी सहज म्हणावं तसं म्हणाली, "ठावं हाय की आमाला. चुलीचा धूर दिसत हुता तुमच्या छपरातनं."

सिस्टरांनी मान वर केली.

"हीच म्हनाली, साडी भाईर न्हाई म्हंजी बाई दमल्यात, निजू द्या त्यास्नी," म्हातारीने सुनेकडे मान हलवली. "पहिलटकरीन. आमाला वाटलं, सकाळपत्तुर निघंल दम."

बाळंतिणीने पोरीला उचललं आणि सिस्टरांच्या मांडीवर दिलं. सिस्टरांनी तोंडाला पदर लावला आणि त्या गदगदून रडल्या.

पोरीची पाचवी पुजून त्या सासवडला गेल्या. जाताना तारेवरची साडी त्यांनी स्वतः काढली. वर वाडीच्या कडेवर कुणीतरी उभं होतं, लांबून कोण ते कळलं नाही.

प्रबंध मी पुरा केला. नर्सच्या थकव्याचा पेशंटवर परिणाम होतो, असंच त्यात लिहिलं, आणि ते खोटंही नाही. पेशंटने नर्सला निजू दिलं, हे कुठल्या कोष्टकात घालायचं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. शिकवण्याची नोकरी चालून आली होती, ती घेतली नाही. परत वॉर्डात गेले.

अजून वॉर्डातच आहे. ड्यूटीला निघताना गॅलरीतली पांढरी साडी मी काढून आत ठेवते. ओली आहे की अजून, असं शेजारीण म्हणते. असू दे, म्हणते मी, आणि कुलूप लावते.