आशीर्वाद मागायची रीत

माझी सून डोमिनिकन रिपब्लिकची. मुलगा तिकडे सौरऊर्जेच्या कामाला गेला आणि तिथलाच झाला. सुनेला त्यानं मराठी शिकवली ती आपली नागपुरीच, त्यामुळे फोनवर ती शेजारच्या घरातली वाटते.

त्यांच्याकडे एक रीत आहे. मोठ्या माणसाशी बोलताना आधी आशीर्वाद मागायचा, नमस्कार-चमत्कार नंतर. पन्नाशीचा माणूससुद्धा आईला फोन लावला की पहिल्यांदा तेच म्हणतो, आणि आईनं लगेच ‘देव तुझं भलं करो’ म्हणायचं. उत्तर मिळालं नाही तर त्याला दिवसभर चुकल्यासारखं होतं.

पंचाईत माझी झाली. आजोबांनी दीक्षा घेतली त्या दिवसापासून आमच्या घरात देव नाही. मी सुनेला ठणकावलं, “आमच्याकडे देव नाही वं. जय भीम चालंन का?”

ती खळखळून हसली. “चालंन ना, आई!”

दोन वर्षं तसंच चाललं. मुलगा मात्र कधी आशीर्वाद मागत नसे. माझ्यावरच गेलाय, अकडू.

गेल्या महिन्यात त्याच्या मेंदूत गाठ निघाली. ऑपरेशन लगेच करायचं ठरलं, आणि त्यातून तो उठेल की नाही हे डॉक्टर सांगेनात. माझ्याकडे साधा पासपोर्ट नाही. धंतोलीतल्या दवाखान्यात तीस वर्षं नर्स होते मी. किती आयांना ‘काळजी करू नका’ म्हणत बाहेर बसवलं असेल! आता वाडीच्या घरात मोबाईल धरून मीच बसले होते, आणि तेवढं म्हणायलाही कुणी नव्हतं.

आमच्याकडे दुपार कलली होती, तिकडे सकाळ. व्हिडिओत पाहते तर त्यांची अर्धी गल्ली दवाखान्यात. कुणी थर्मासमधून कॉफी ओततंय, कुणी मोठमोठ्यानं गंमत सांगतंय. माझं डोकंच फिरलं.

“काहून हसून राहिले हे लोक?” मी सुनेला विचारलं.

“मी रडीन म्हणून, आई,” ती म्हणाली. “इथं कोणाले एकटं बसू देत नाही.”

मग स्ट्रेचरवरच्या मुलानं फोन मागून घेतला. डोकं भादरलेलं. त्याच्याकडे बघवेना.

“आई, मले बी आशीर्वाद दे ना.”

आणि मी काय बोलावं? “सकाळपासून पाणी तं नाही पेला ना गा?” तीस वर्षांची सवय, दुसरं काय!

“नाही,” तो म्हणाला, आणि माझ्याकडे बघत राहिला. तेवढ्यात स्ट्रेचर आत गेलं.

“आता म्हणा, आई,” सून म्हणाली, आणि तिनं फोन ऑपरेशन थिएटरच्या बंद दाराला लावून धरला. माझ्या पडद्यावर नुसता अंधार. देव तुझं भलं करो, मी म्हणाले. ज्याला मी मानत नाही त्याचं नाव घेऊन त्या दाराशी ओरडत राहिले. शेजारीण धावत आली तरी मला थांबता येईना.