कानाजवळचे पांढरे

समता कॉलनीतल्या सलूनमध्ये तो माझ्या शेजारच्या खुर्चीत होता. वय चाळिशीचं, नजर आरशातल्या स्वतःलाच नापास करणारी. फोनवर "हव आई, केस रंगवून राहिलो" म्हणाला, तेव्हा या हिंदी मुलखात आपला मराठी माणूस निघाला. मग कारागिराला थांबवून म्हणाला, "भैया, कान के पास वाले सफेद रहने दो."

मला राहवेना. "काहून हो भाऊ?"

"उद्या प्राध्यापकाची मुलाखत आहे. पीएचडी झाली, मग फेलोशिपवर पोस्ट-डॉक केलं. एक संपलं की दुसरं."

आमच्या रेल्वेवाल्या घरात पोस्ट म्हणजे पक्की नोकरी. "म्हणजे पोस्ट तर हायेच ना तुमच्याकडे?"

"यातलं पोस्ट म्हणजे 'नंतर', भाऊ. पीएचडीनंतरचं तात्पुरतं संशोधन," तो हसला. "मागच्या मुलाखतीत एक साहेब म्हणाले, वय जास्त आहे. दुसरे म्हणाले, अनुभव कमी आहे, फेलोशिपची वर्षं आम्ही धरत नाही. म्हणून वरचे काळे वयासाठी, कानाजवळचे पांढरे अनुभवासाठी."

उठताना त्यानं आरशात समोरून पाहिलं, मग मान वळवून बाजूनं. समोरून तो नुकताच पास झालेला पोट्टा वाटत होता, बाजूनं निवृत्तीला आलेला प्राध्यापक.

मधली वर्षं कुठूनच दिसत नव्हती.