शकुनबाई, इंदूबाई आणि देवमन सरांचा प्रबंध

देवमन सर अमरावतीहून रोज ये-जा करत अकरा वर्षांपासून अकोल्याच्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत होते, तेही तासिका तत्त्वावर. म्हणजे जेवढे तास शिकवले तेवढ्याचेच पैसे, आणि उन्हाळ्यात ठणठण गोपाळ. चांगल्या मालाला बाजारात योग्य किंमत मिळतेच, हे वाक्य ते दरवर्षी नव्या वर्गासमोर न हसता म्हणत. त्यांचं धैर्य खरंच दांडगं होतं.

यंदा मात्र त्याच कॉलेजात कायम जागा निघणार होती. अट एकच, पीएच.डी. हवी. सरांचा प्रबंध एकतीस मार्चच्या आत विद्यापीठात पोचला तर जागा जवळपास त्यांचीच होती. नाही पोचला, तर चाळिशी उलटलेल्या माणसानं आणखी किती वर्षं एसटीच्या खिडकीत नोट्स काढायच्या?

प्रबंधाचं नाव चांगलं ऐसपैस होतं: 'अमरावती शहरातील भाजीविक्रेत्यांची किंमतनिश्चिती, स्पर्धा आणि ग्राहकवर्तन'. शहर मोठं आणि सरांना साडेआठची अकोला गाडी पकडायची, म्हणून त्यांनी अभ्यासाला घराजवळच्या नाक्यावरच्या दोन गाड्या निवडल्या. एक शकुनबाईची, दुसरी इंदूबाईची. लिंबाच्या सावलीत कुणाची गाडी लागायची यावरून दोघींचं सहा वर्षांपूर्वी वाजलं होतं, तेव्हापासून बोलणं बंद. बोलणं बंद, पण स्पर्धा जोरात. हिनं वांगी दहा रुपये पाव म्हटली की ती गिऱ्हाइकाला नऊनं देऊन वर मूठभर सांबार टाकायची. कोथिंबिरीला इकडे सांबार म्हणतात आणि तो फुकट मिळणं हा जन्मसिद्ध हक्क समजतात. पुस्तकातली शुद्ध स्पर्धा सरांना घराबाहेर पाच मिनिटांवर सापडली.

रोज सकाळी आठला सर वही घेऊन हजर.

"शकुनबाई, वांगी काय भाव?"

"दहा लिवा, सर. अन् ते तिकडची काय भावानं इकून राहिली?"

आता एखाद्यानं आपल्या प्रश्नाचं सरळ उत्तर दिल्यावर त्याच्या प्रश्नाला उत्तर न देणं हा उद्धटपणा झाला. सर सांगून टाकत. मग इंदूबाईकडे जात, तीही विचारी, तिलाही सांगत. दीडशे दिवस त्यांनी असा सभ्यपणा केला.

भाव आधी आठवर आला. मग दोघींच्याही लक्षात आलं, की आपण एक रुपया उतरवला की समोरची दुसऱ्या दिवशी उतरवते, मग उतरवायचं तरी कशाला? एका सकाळी शकुनबाईनं सरळ पंधरा सांगितले. सरांनी ते इंदूबाईच्या कानावर घातले. तिनं क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "माह्येबी पंधराच लिवा." त्या दिवसापासून दोन्ही गाड्यांवर पंधरा, आणि सांबाराचेही पैसे वेगळे. ठोक बाजारात वांग्याचा भाव तसूभर हलला नव्हता.

सरांनी यावर चाळीस पानं लिहिली. हवामान झालं, डिझेल झालं, ग्राहकाची मानसिकता झाली. उलगडा केला तो त्यांच्या आईनं. मैनाबाईनं जन्मभर मजुरी करून मुलाला शिकवलं होतं, वांग्याची पिशवी ओट्यावर आपटून ती म्हणाली, "अरे, हिचा भाव तिले अन् तिचा हिले तूच सांगून राहिला, मंग त्या भाव पाडतीन कायले?"

सरांनी वही मिटली. गावात महागाई कुणी आणली याचं उत्तर वहीत नव्हतं, वही धरणाऱ्या हातात होतं. त्यांना मनापासून लाज वाटली.

मार्गदर्शक केशवराव सर जुने खोड. ते म्हणाले, "घाबरता कशाला? फेब्रुवारीभर तिकडे फिरकू नका. आई भाजी आणेल, भाव सांगेल. भाव पडले तर तुमची चूक सिद्ध होते, आणि प्रबंधही."

सर दुसऱ्या गल्लीनं बसस्टँडला जाऊ लागले. चौथ्या दिवशी वांगी चौदा, सातव्या दिवशी बारा. स्वतःची चूक सिद्ध होताना एवढा आनंद झालेला माणूस अमरावतीत दुसरा नसेल. अकराव्या दिवशी मैनाबाई पिशवी घेऊन आली.

"अठरा."

"कोणाकडे?"

"दोघींकडंबी. बोलून राह्यल्या त्या आता."

त्याच संध्याकाळी दोघी दारात उभ्या. सोबत वांगी, पालक, सांबार, लिंबं. शकुनबाई म्हणाली, "दहा दिस झाले, सर दिसले नाही. माह्यानं राहवलं नाही, म्या इंदूले इचारलं, सर बिमार गिमार हायेत काय? सहा सालात पयल्यांदा तोंड उघडलं, पाहा."

"तुमच्या पायी झालं, सर," इंदूबाई म्हणाली. "बरे हाय ना तुमी?"

सरांनी बाहीनं डोळे पुसले. त्यातलं पाणी प्रेमाचं किती आणि प्रबंधाचं किती, हे त्यांना वेगळं करता आलं नाही. त्यांनी आईला चहा ठेवायला सांगितला.

मुदतवाढीच्या अर्जात कारणाच्या रकान्यात त्यांनी खरं तेच लिहिलं: 'अभ्यासातील दोन्ही विक्रेत्या एकमेकींशी बोलू लागल्याने निष्कर्ष बदलले.' विद्यापीठातून अर्ज परत आला. हे कारण नियमात बसत नाही, आजारपणाचं सर्टिफिकेट जोडा. केशवराव म्हणाले, "जोडा की, त्यात काय." सर म्हणाले, "मी आजारी नव्हतो." एकतीस मार्च गेला, जागाही गेली.

एप्रिलात सर कित्येक दिवसांनी नाक्यावर गेले. लिंबाच्या सावलीत आता दोन्ही गाड्या चिकटून उभ्या होत्या.

"वांगी काय भाव?"

"ईस," शकुनबाई म्हणाली. तब्येत ठणठणीत दिसल्यावर फुकट द्यायचं कारण उरलं नव्हतं.

"थोडे कमी करा ना, शकुनबाई. तास बंद आहेत सध्या."

शकुनबाईनं इंदूबाईकडे पाहिलं, इंदूबाईनं मान हलवली. सरांनी वीसची नोट काढून दिली.