मलमाचा मोदक

माझी साखरपुड्याची अंगठी लग्नाआधीच गणपतीच्या नैवेद्यात गेली.

झालं असं, की ठरलेला जावई म्हणून मी लालबागला सायलीच्या घरी पहिल्यांदाच गणपतीला गेलो. होणाऱ्या सासूबाई मोदक वळत होत्या. एकेका मोदकाच्या कळ्या अशा, की मी हात जोडायचेच बाकी ठेवले होते! छाप पाडायला म्हणून विळी ओढली आणि नारळ खवायला बसलो. नारळाआधी बोटच खवलं गेलं. तेही नेमकं अंगठीचं!

"अगो सायले, ट्यूब आण!" सासूबाई ओरडल्या.

अँटिबायोटिक मलमाची ट्यूब आली. शेपटीकडून गुंडाळत गुंडाळत जेमतेम टोपणाएवढी उरलेली. (मी ती केव्हाच केरात टाकली असती.) सासूबाईंनी माझं बोट नळाखाली धरलं, कोरडं केलं आणि त्या मेलेल्या ट्यूबवर सरळ लाटणं फिरवलं. काय सांगू! बोटभर पुरून उरेल एवढं मलम निघालं. मी थक्क!

"आता मोदकांना हात लावायचा नाही हां," असं बजावून त्या आरतीच्या तयारीला गेल्या.

मी लावला. एकच केला हो! अगदी त्यांच्यासारखा जमला, म्हणून ताटात हळूच सरकवून दिला.

आरती सुरू झाली. टाळ्या वाजवता वाजवता सायलीचं लक्ष माझ्या हाताकडे गेलं.

"अंगठी कुठाय रे?"

बोट मोकळं! साबणालाही दाद न देणारी अंगठी मलमावरून सटकली होती.

"मोदकात," मी पुटपुटलो.

"कुठल्या?"

"तेच तर कळत नाहीये!"

नैवेद्य दाखवण्याआधी मोदक फोडायची सोय नाही, आणि दाखवल्यावर अख्खी चाळ तुटून पडणार. नवी कवळी बसवलेले काका तर ताटावरची नजर हलवत नव्हते! आता लग्न मोडणार, याची मला खात्रीच पटली.

नैवेद्य झाला. सायली आईच्या कानाला लागली. मी रडवेला होऊन म्हणालो, "आई, सगळे फोडावे लागतील."

"सगळे कशाला?" सासूबाईंनी ताटाकडे नुसतं पाहिलं, एक मोदक उचलला आणि फोडला. आत अंगठी!

मी त्यांचे पायच धरले. "आई, काय ही दिव्यदृष्टी! कसा ओळखलात हो?"

"दिव्यदृष्टी कसली? एवढ्या मोदकांत हा एकच समोसा होता, जावईबापू!"